मामंजींचं जपानी जेवण

माझ्या सासऱ्यांनी अन्न सोडलं, ही बातमी अख्ख्या मंगळवार पेठेत माझ्यामुळं पसरली.

तवा माझी पोरगी सा म्हैन्याची. तिला दिवसभर खेळवायचं माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी. त्यांचं बीपी वाढलं, डॉक्टर म्हणले, "जेवणाकडं बघा." (आठवी नापास बाई मी, बीपी दिसतंय कसं त्येबी म्हाईत न्हाय!)

त्यात भडंगाच्या पुडीच्या कागदावर वाचलं, जपानी माणसं शंभरी गाठत्यात. का? तर पोट जरा रिकामं ठेवून उठत्यात, मासं खात्यात, रोज चालत्यात, बिनदुधाचा चहा पित्यात. म्हटलं, करूया की!

दुसऱ्या दिवशी ताटाच्या जागी बशी!

"ह्यो निवद कुणाला दावायचा गं?"

"मामंजी, जपानात असंच जेवत्यात."

"मग भूक लागल्यावर कुठं जात्यात? कोल्लापुरात?"

त्यांच्या वाटणीची उरलेली भाकरी टाकायची कशी? मीच खायची.

चार दिवसांत मामंजी उंबऱ्यावर बसून येईल त्याला सांगाय लागले, "आमचं जेवण संपलं आता!" म्हाताऱ्या माणसाचं अन्न तुटलं म्हंजे काय, हे आपल्याकडं सांगाय लागत न्हाय. वारणानगरला फोन गेला, आणि मामंजींची बहीण गल्लीच्या तोंडापासनंच गळा काढत आली, "दाद्या रंऽ, मला न सांगता निघालास व्हय!"

"न्हाय ओ आत्याबाई, हे जपानचं..."

"एवढ्या लांब घालवतीस व्हय गं त्याला?"

जाणाऱ्याची वासना राहू ने म्हणून त्यांनी सुक्क्या मटणाचा डबा आणलेला. मागनं मामंजींचं मेव्हणं पांढऱ्या रश्श्याची किटली घेऊन! जोतिबाहून चुलतदीर पेढं घेऊन! एकेकजण रडतंय, एकेक घास भरवतंय, आणि मामंजी डोळं मिटून नुसता आ करत्यात!

"बीपी! बीपी!" मी वरडले.

"गप गं, शेवटचं खातोय त्यो!"

मामंजींनी एक डोळा उघडला. "लिंबू हाय का?"

आत्याबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. सगळी हसाय लागली, आणि मी भोकाड पसरलं, "तुमाला काय झालं तर माझ्या पोरीला कोण खेळवंल ओ?"

मामंजींनी डबा स्वतःच्या हातानं बंद केला. दुसऱ्या दिवसापासनं पोरीला कडेवर घेऊन रोज चालाय लागले, बशीबी मुकाट्यानं घेतली.

पोरगी आता पाचवीला हाय, मामंजी ठणठणीत. आणि त्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या खाऊन खाऊन परवा माझंच बीपी वाढलं!

दुपारी मामंजींनी माझ्यापुढं बशी सरकवली. वर म्हणत्यात, "जपानात असंच जेवत्यात, पोरी."