भिंतीवरचे परके आजोबा

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, भिंतीकडे पाहून थबकल्या आणि चपला काढून त्यांनी हात जोडले.

"वडील का हो तुमचे? नाक अगदी तुमच्यासारखंच!"

मी "हो" म्हणालो. काय करणार? ते गृहस्थ मी कालच जुन्या बाजारातून आणले होते.

बायको माहेरी जाताना तिने काढलेली चित्रं घेऊन गेली. भिंतीवर नुसते खिळे उरले. ते बघवेनात, म्हणून मी स्वस्तात एक पितळी चाळणी, एक सूप आणि ही लंबगोल फ्रेम आणली. आतला फोटो काढून आरसा बसवायचा बेत होता. पण पगडीवाले आजोबा काचेला असे चिकटलेले, की ओढले तर फाटले असते. मग तसेच टांगले. आज काकूंनी त्यांना जास्वंदीचं फूलही वाहिलं.

यांनाही एकेकाळी कुठल्यातरी घरात रोज हार पडत असेल. मग एक दिवस कुणीतरी उतरवून ठेवलं. माझंही तेच झालंय. फक्त मला अजून कुणी बाजारात नेलेलं नाही.

भिंतीचा फोटो मी बायकोला पाठवला. महिनाभर गप्प असलेल्या तिने विचारलं, "हे कोण?"

खरं सांगितलं तर बोलणं तिथेच संपेल. म्हणून लिहिलं, "घरी ये, ओळख करून देतो."

तिने वाचलंय. मी आजोबांपुढे उदबत्ती लावून बसलोय.