ड्रायरसमोरच्या चपला

काल संध्याकाळी तुमच्या दारात चपलांचे किती जोड होते? नाही ना सांगता येणार. कारणही नाही. निवांत माणूस चपला मोजत बसत नाही.

जाऊबाई मोजते. कामावरून आली की उंबऱ्यातच थांबते. नवऱ्याचा, दिराचा, धाकट्या जावेचा, दोन मुलांचे. पाच जोड भरले की मगच आपल्या चपला काढते. एखादा कमी असला तर ते माणूस डोळ्यांसमोर येईपर्यंत ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही.

ही सवय तिला कामावर लागली. कशी लागली ते लिहायची परवानगी तिने दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाली. नाव घालायची गरजही नाही, कारण सगळं धुलाईघर तिला जाऊबाईच म्हणतं. एकोणीस वर्षं ती तिथे आहे. धाकट्या जावेला तिनेच कामाला चिकटवलं. धाकटी दिवसभर "अहो जाऊबाई, अहो जाऊबाई" करते, म्हणून सुपरवायझरपासून ट्रॉली ढकलणाऱ्यापर्यंत ती सगळ्यांची जाऊबाई झाली. मेकॅनिक तर म्हणायचा, "एवढ्या जावा असून भांडण नाही, हा विक्रम आहे."

धुलाईघरात दवाखान्यांच्या चादरी येतात. ओळीने सहा ड्रायर आहेत, एकेकाचा ड्रम एवढा की माणूस वाकून आत उभं राहील. कपड्यांच्या सुटलेल्या धाग्यांचा भुसका आत साचतो, म्हणून दिवसातून दोनदा कुणीतरी ब्रश घेऊन आत शिरतं. त्याचे दोन नियम. एक, चपला बाहेर काढायच्या, कारण तळव्याच्या घाणीचा डाग चादरीला लागतो. दुसरा, मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे आतला बाहेर येईपर्यंत मशीन कुणाच्या बापाला चालू करता येणार नाही.

पहिला नियम अजून चालू आहे. दुसरा सुपरवायझरने मोडला. एकदा कुणीतरी चावी खिशात घेऊन घरी गेलं आणि ड्रायर अर्धा दिवस बंद राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्विचशेजारी खिळा ठोकला आणि सगळ्यांच्या चाव्या तिथे लटकवायला सांगितल्या. जो येईल तो काढेल, काम थांबायला नको. झालं. पुढे कुलूप दिसलं की आत माणूस असेल, असं कुणाच्या मनातही येईनासं झालं. कुलूप दिसलं म्हणजे कुणीतरी काढायचं विसरलं, एवढाच त्याचा अर्थ उरला. डाग पडू नये म्हणून केलेला नियम टिकला आणि माणूस मरू नये म्हणून केलेला गेला. मला याचा राग येतो, आणि तो मी आवरणार नाही.

तशात चौदा जणांची नऊ माणसं झाली. जे गेले त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जाऊबाई आधी बारा तास करायची, मग सुट्टीच्या दिवशीही जायला लागली. "हात चालायचे, मी तिथे नसायचे," ती सांगते. घरी पोचल्यावर कुठल्या रस्त्याने आलो ते आठवायचं नाही. मुलगी काही सांगायची, ती हं हं करायची, आणि मुलगी म्हणायची, "आई, मी काय बोलले सांग बघू." सुरुवातीला चिडचिड व्हायची, मग तीही थांबली. घरच्यांना वाटलं, बाई शांत झाली.

एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, तिला चार नंबरचा ड्रायर चालू करायचा होता. बंद राहिलेला ड्रायर चादरी घालण्याआधी थोडा वेळ रिकामाच तापवतात. स्विचला कुलूप होतं. खिळ्यावरून चावी काढून तिने ते उघडलं. ड्रायरच्या दारासमोर चपला होत्या. त्या पायाने बाजूला सारल्या, अगदी नीट, एकीला एक लावून. दार लावलं, बटण दाबलं आणि ट्रॉलीकडे वळली.

हा ड्रायर फिरायच्या आधी दहा वेळा पीं पीं वाजतो. तो वाजत होता. वळता वळता तिची नजर चपलांवर गेली. डाव्या चपलेच्या अंगठ्याला निळी सुतळी बांधलेली होती. ती गाठ तिनेच सकाळी मारली होती, दाराच्या पायरीवर बसून, धाकटीच्या चपलेला.

मशीन थांबवायचं लाल बटण कसं दाबलं, ते तिला आठवत नाही. वाजणं मात्र आठवतं. सात वेळा वाजलं होतं.

दार उघडलं तर धाकटी आत पाठमोरी, डोक्याला फडकं, केसांवर पांढरा भुसका. सहा ड्रायर दिवसभर पीं पीं करत असतात, आपलाच वाजतोय हे तिला कळलंच नव्हतं. वळून म्हणाली, "अहो जाऊबाई, दार का लावलंत? मला भाजून खायचा विचार आहे की काय?"

"वाऱ्याने लागलं," जाऊबाई म्हणाली.

तिथे वारा येत नाही. एकही खिडकी नाही.

नऊ दिवस ती हे पोटात घेऊन हिंडली. धाकटी ताट वाढायची आणि ही ते तसंच झाकून ठेवायची. कुकरची शिट्टी झाली की ही मनात मोजायची. सांगितलं तर नोकरी जाणार, शिवाय ज्या दिराला तिने लहानाचा मोठा केला त्याला काय तोंड दाखवायचं. नाही सांगितलं, तर चावी त्याच खिळ्यावर आणि हात हेच.

दहाव्या दिवशी कंपनीने शिबिर ठेवलं, ताण कसा हाताळावा याचं. बाहेरून एक सर आले होते. म्हणाले, "स्प्रिंगसारखे व्हा. कितीही दाबलं तरी परत उभी राहते."

मेकॅनिक मागून म्हणाला, "सर, स्प्रिंग आम्ही दोन वर्षांनी बदलतो."

सगळे हसले. जाऊबाई हसली नाही. मग फॉर्म वाटले. आयुष्यात किती समाधानी आहात, एक ते दहापैकी एका आकड्याला गोल करा. तिने सातला गोल केला. सरांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सात, छान." तिने त्याच्या खाली लिहिलं: सात वेळा वाजलं होतं, आत माणूस होतं, बटण मी दाबलं. आणि सही केली.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी सुपरवायझरला बोलावलं. तो वाचून हळूच म्हणाला, "जाऊबाई, हे खोडा. मी पाहिलंच नाही असं समजतो."

पेन तिच्या हातात होतं. खोडलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. शेजारी बसलेल्या धाकटीने कागद ओढून घेतला.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात, मंगळवारी. दार वाऱ्याने नव्हतं लागलं गं."

धाकटी कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तीन राहिले होते." तिने जाऊबाईकडून पेन मागून घेतलं. "चावी खिळ्यावर मीच लटकवली होती. तेही लिहिते. खिळा कुणी ठोकला, तेही." आणि सुपरवायझरकडे बघून, "तुम्ही पाहिलं नाही ना? मग आता बघा."

जाऊबाईला पंधरा दिवस घरी बसवलं. घरात धाकटी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तुटकी चप्पल पुढे सरकवून म्हणाली, "गाठ सुटली. तुमचीच घट्ट बसते."

जाऊबाई कामावर परतली तेव्हा भिंतीत खिळ्याच्या जागी भोक होतं. धाकटीने मेकॅनिककडून पक्कड घेऊन तो उपटला होता. नऊ जणांच्या गळ्यात दोऱ्याला नऊ चाव्या होत्या. माणसं अजून नऊच आहेत. काम हळू होतं म्हणून सुपरवायझर रोज बडबडतो, आणि परवा त्याच भोकाशेजारी नवा खिळा आला आहे. अजून त्यावर कुणी काही लटकवलेलं नाही. जाऊबाई येता-जाता त्याच्याकडे बघते. भीती गेली का, असं मी विचारलं. म्हणाली, "जायला नको. ती होती कुठे इतके दिवस, हाच तर घोटाळा होता."

असा खिळा तुमच्याही कामावर कुठेतरी असेल. उद्या गेल्यावर आधी तो शोधा, आणि त्यावरची तुमची चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा.