चिंचेपासून आत वळा

…धारा काढून झाल्या होत्या. शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी केली, हात धुतले, दूध गाळून किटलीत ओतलं आणि चहा ठेवला. हे ओट्यावर बसून कालचा पेपर वाचत होते. आमच्या वस्तीवर पेपर एक दिवस उशिराच येतो.

चहा घेऊन बाहेर आले तर पेपर खाली पडलेला आणि हे भिंतीला टेकलेले. हात छातीवर, अंगाला दरदरून घाम. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पत्ता विचारला. मी सांगितलं, "चाकणकडून आलात की चिंचेपासून आत वळा, मधली वस्ती."

त्याला आता तीन वर्षं होतील.

आमच्याकडे सगळे हाच पत्ता सांगतात. लग्नपत्रिकेवरही हाच छापतात. पण चिंच तेव्हाही नव्हती… कंपन्यांच्या कंटेनरसाठी रस्ता रुंद केला, तेव्हाच ती तोडली होती. बुंधा उपटून नेला, वर डांबर पडलं. त्या डांबरावरून मी रोज डेअरीला जात होते. तरी फोनवर तोंडातून चिंचच आली.

ड्रायव्हरचा दोनदा फोन आला. "ताई, चिंच काही दिसेना." मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होते, "अहो मोठी चिंच आहे, रस्त्याला लागूनच…"

गाडी कंपन्यांच्या गेटपर्यंत जाऊन परत फिरली. सायरन जवळ यायचा आणि लांब जायचा… जवळ यायचा आणि लांब जायचा.

पिंपरीला दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेले होते. थोडं आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "सांगता येत नाही."

दहाव्याला जो तो म्हणाला, गाडीच उशिरा आली, त्याला कोण काय करणार. मी मान हलवली. मुलगी पिंपळे गुरवला असते, तिलाही खरं सांगितलं नाही. तीन वर्षं ते एक वाक्य माझ्यापाशीच होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायची सवय लागली ती ह्यांच्या पेपरमुळे. अडलं की मी विचारायचे, ते सांगायचे. आता लायब्ररीतून पुस्तकं आणते, संध्याकाळी ओट्यावर बसून वाचते. अडलेला शब्द तसाच सोडून पुढे जाते…

परवा दुपारी शेजारच्या हौसाबाईंच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. वरच्या तारांची ठिणगी पडली म्हणतात. गंजीला लागूनच गोठा, आत दोन गाई आणि व्यायला आलेली म्हैस. घरची गडीमाणसं सगळी कंपनीत, पहिल्या शिफ्टला.

मी बादली घेऊन धावले. हौसाबाई गोठ्यात शिरून दावी कापत होत्या. त्यांची सून मनीषा अंगणात उभी राहून बंबासाठी फोन करत होती, आणि तिचे शब्द कानावर पडले. "दादा, चिंचेपासून आत वळा."

मनीषा गेल्या वर्षी लग्न होऊन आली. तिनं ती चिंच कधी पाहिलेलीच नाही.

बादली तिथंच ठेवली. दोरीवरचं लाल लुगडं ओढून घेतलं आणि रस्त्याकडे पळत सुटले. या वयात इतकी पळेन असं मलाही वाटलं नव्हतं.

रस्त्यावर पोचले तेव्हा सायरन ऐकू येत होता. मी बरोबर चिंचेच्या जागी जाऊन उभी राहिले, लुगडं हलवत. कंटेनरवाले हॉर्न मारून शिव्या देत होते. बंब आला आणि करकचून थांबला.

"ओ मावशी, मरायचंय का? चिंच कुठंय इथली?"

"मी उभी आहे ना, इथंच होती. घ्या आत."

गंजी निम्मी जळाली. गोठा वाचला. म्हैस पार बांधाच्या पलीकडे पळाली होती, ती नंतर स्वतःहून परत आली.

आग विझल्यावर बंबावरची माणसं ओट्यावर पाणी प्यायला बसली. त्यांच्यातला एक म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी असलेलं झाड सांगा."

हौसाबाईंचं तोंड काजळीनं काळं झालं होतं, तरी ऐकतायत कुठं. "चिंच म्हनलं की समद्यांना कळतंय."

"समद्यांना कळतंय, बंबाला न्हाई कळत," तो त्यांच्याच बोलीत म्हणाला.

सगळे हसले. मला हसता आलं नाही.

बंब गेल्यावर आम्ही दोघी भिजलेला कडबा पसरत होतो. तेव्हा मी हौसाबाईंना सांगितलं. त्या सकाळी मीसुद्धा चिंचच सांगितली होती म्हणून.

त्या पेंढी उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरं काय सांगनार व्हतीस? मला इचारलं असतं, तर मी बी तेच सांगितलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीन वरसं हे घेऊन बसलीस व्हय, येडे… चल, म्हशीला पानी दाव."

डॉक्टरांना सांगता आलं नाही ते मलाही कधी कळणार नाही. पण मी चिंच सांगितली होती, हे आता मी एकटीच जाणत नाही… संध्याकाळी मुलीलाही फोन करून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी धारा काढून झाल्यावर तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा सरळ केला. दाराला लावून उरलेला रंग होता, त्यानं लिहिलं, 'मधली वस्ती. इथून आत वळा.' ळ दोनदा पुसून पुन्हा काढावा लागला. दुपारी रंग वाळल्यावर पत्रा रस्त्यावरच्या खांबाला तारेनं बांधला आणि घरी येऊन भाकरी टाकल्या.