वरच्या फळीवरची बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे नंतर चहा सांडणार नाही. मी सासऱ्यांना फिनेल पाजणार होतो. म्हणजे तेव्हा ते सासरे नव्हते, होऊ घातले होते. आणि तरीही लग्न झालं, हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत मालवणच्या मावशी राहायच्या. सख्ख्या कोणाच्याच नव्हेत, पण सगळ्या चाळीच्या मावशी. त्यांची मांजर मनी. मावशी आठ दिवस गावी निघाल्या आणि मनीला माझ्या खोलीत सोडून म्हणाल्या, "फरशेक फिनेल लावू नको रे. मांजर त्येच्यावरना चलता, मगे पाय चाटता. इख जाता पोटात."

"मावशी, काळजीच सोडा."

"कशी सोडू? माझी भाची लग्नाची आसा. जो मांजराक जपतलो, तो तिका जपतलो. येताना भावाक घेवनच येतंय."

ही भाची सुनंदा मालाडला राहायची. मावशींकडे वर्षातून एकदा, गणपतीला यायची, आणि मी उरलेलं वर्ष गणपतीची वाट बघायचो. आता सांगा, मनीला मी जिवापाड जपणार नाही तर काय?

आठ दिवस फरशी नुसत्या पाण्याने पुसली, तीही गुडघ्यांवर बसून. डांबराच्या गोळ्या, धुण्याचा सोडा, ढेकणांचं औषध, सगळं वरच्या फळीवर. राहिला मोरीतला फिनेलचा डबा. तो मेला बुडाशी गळत होता. मग मी शक्कल लढवली. मावशींनी दिलेल्या कोकम आगळाची एक घट्ट बुचाची बाटली रिकामी झाली होती. फिनेल तिच्यात ओतलं आणि बाटली फळीवर ठेवली, आगळाच्या भरलेल्या बाटलीला खेटून. दोन्ही काळ्याभोर. मनीचा पंजा काही तिथवर पोचत नव्हता. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

नवव्या दिवशी मावशी आल्या. सोबत त्यांचे भाऊ, म्हणजे सुनंदाचे वडील, आणि सुनंदा. मावशींनी मनीला उचलून पोट, पाय, जीभ, सगळं तपासलं.

"दादा, बघ. माझ्याकडे होती त्येच्यापेक्षा जाडी झाली."

माझी छाती दोन इंच फुगली. त्याच छातीने मी सरबत करायला उठलो. ओल्या फरशीवर बसून बसून सर्दी झालेली, नाक पार बंद. बाटली काढली, ग्लासांत ओतली, साखर घातली, वर पाणी सोडलं. तर सरबत पांढरं झालं!

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, मालवणी माणसांच्या आगळात नारळाचं दूध मुरलेलं असेल, सोलकढीसारखं. आणि मनापासून ढवळलं.

ग्लास भाऊंसमोर ठेवला. त्यांनी तो उचलायच्या आत मनी ऐटीत आली, नाक पुढे केलं, शिंकली, आणि ग्लासाकडे पाठ करून थेट दारात जाऊन बसली.

मावशींचे डोळे बारीक झाले. "दुधासारख्या पांढऱ्या वस्तूक मांजर पाठ दाखयता?" त्यांनी ग्लास नाकाशी नेला. "अरे मेल्या, ह्यां फिनेल!"

मी बाटलीकडे बघितलं, बाटली माझ्याकडे. संपलं लग्न, असं वाटून डोळ्यांत पाणीच आलं. सगळी हकीकत सांगून टाकली, गळक्या डब्यापासून.

भाऊ आधी घाम पुसत बसले, मग हसत सुटले. "एका मांजरासाठी एवढा खटाटोप? पोरगा येडा आहे, पण मनाचा चांगला आहे. काय गं सुनंदा?"

सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "मांजर ते सांभाळतील. सरबत मी करीन."

झालं! मार्गशीर्षात बार उडाला. मनी मांडवात सगळ्यांच्या आधी जेवली.

आजही सुनंदा माहेरी निघाली की फिनेलच्या कपाटाला कुलूप लावते, किल्ली शेजारच्या वहिनींकडे देते आणि बजावते, "जरा लक्ष असू द्या हो." घरात आता मनीची कितवी तरी पणती आहे. पण वहिनी दुपारी येऊन वास घेतात तो माझ्या ग्लासाचा.