खिडकीतून आलेला प्लग

भूत, भानामती, अंगात येणं… यातलं काहीच मी कधी मानलं नाही. हिशेब खात्यात नोकरी केलेली बाई मी. ज्याचा ताळा जमत नाही ते खरं धरायचं नाही, ही माझी सवय. पण एका प्रसंगाचा ताळा मला आजवर जमलेला नाही. जसा घडला तसा लिहिते, पदरचं काही घालत नाही.

१९९० ची गोष्ट. आम्ही जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्याच्या मागे, दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझे मिस्टर, सुधीर, मोटरसायकल रेसर होते. रेसर म्हटलं की लोकांना वाटे, फटफटी उडवत फिरणारा माणूस. प्रत्यक्षात ते फिटरची पाळी करून यायचे आणि मग आपल्या शंभर सीसीच्या गाडीचं इंजिन उघडून बसायचे. वर्षातून दोनदा-तीनदा शर्यत. तोवर दोन कप घरी आले होते. मद्रासला तिसरा मिळाला तर एक कंपनी त्यांना आपल्या टीममध्ये घेणार होती. म्हणजे पाळी सुटणार आणि आयुष्यभर नुसती गाडी चालवायची. यापलीकडे त्या माणसाने देवाकडे काही मागितलं नव्हतं.

अशा इंजिनाची तब्येत स्पार्क प्लगच्या रंगावरून कळते. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असला तर उत्तम. राखेसारखा फिका असला तर पेट्रोल कमी पडतंय; मग कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, मोठा टाकायचा. तशीच पळवली तर इंजिन भर वेगात जाम होतं, मागचं चाक अडकतं आणि माणूस फेकला जातो. आणि नेमका फिकट तपकिरी आणि राखाडी यांतला फरक सुधीरना दिसत नसे! रंगांधळेपणा. हे फक्त मला ठाऊक होतं. बाहेर कळलं असतं तर कुठली टीम आणि कसलं काय.

म्हणून जासईच्या रस्त्यावर गाडी पळवून झाली की ते प्लग काढून फडक्यात गुंडाळून घरी आणायचे. गाडीला सायलेन्सर नव्हता. घरमालकीण जनाकाकी ओरडू नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचे. मग उतारावरून नुसता चेनचा आवाज यायचा, पाठोपाठ जळक्या एरंडेलाचा वास (रेसवाले पेट्रोलमध्ये एरंडेल घालतात), आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात आत.

"बघ गं, रंग कसाय?"

"बिस्किट."

"नक्की?"

"अहो, नक्की. आता ते फडकं माझ्या कणकेपासून लांब धरा!"

एरवी शर्यतीला मी बरोबर असायचे, पण मद्रासला गेले नाही. मुलगी चार महिन्यांची होती. शर्यत रविवारी, आदल्या दिवशी सराव. त्या शनिवारी दुपारी मी कणीक मळत होते. गल्लीतून चेनचा आवाज आला. एरंडेलाचा वास आला. खिडकीतून हात आत आला, फडक्यात प्लग.

"बघ गं, रंग कसाय?"

मी सवयीने मान वळवली. "राख आहे हो. जेट मोठा टाका."

हात मागे गेला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की सुधीर मद्रासला आहेत.

कणकेच्या हातांनी बाहेर धावले. गल्लीत कुणी नव्हतं. ओट्यावर जनाकाकी वाल सोलत बसल्या होत्या.

"सुदीर आयला का गो? शर्यत सोरून आयला का बायकोची आठवन झाली?"

"नाही हो काकी. ते मद्रासलाच आहेत."

"मंग मना चैन वाजलेली आयकू आली ती कोनाची?"

 मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि एसटीडी बूथ गाठला. लॉजवर ते संध्याकाळी सापडले.

"प्लग बघितलात?" मी विचारलं.

"बघितला. बिस्किट आहे."

"राख आहे."

"तू काय पनवेलहून बघतेस?"

"हसू नका. कुणालातरी दाखवा."

"दाखवला तर कळेल ना सगळ्यांना! मंदा, उद्याची शर्यत आहे गं…"

"कळू दे. मला टीम नको. तुम्ही हवेत."

 फोनच्या खरखरीतून ते म्हणाले, "दुपारी प्लग हातात घेऊन उभा होतो. मनात म्हटलं, मंदा असती तर विचारलं असतं."

त्यांनी एका मेकॅनिकला प्लग दाखवला. राख होती. इंजिन उघडलं तर पिस्टनवर ओरखडे उठलेले. अजून थोडं पळवलं असतं तर जाम झालंच असतं. जेट बदलून ते धावले, चौथे आले. गोष्ट फुटायची ती फुटली. टीमने पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांनी गाडी विकली. त्याबद्दल मला ते एकदाही बोलले नाहीत. मुलीला मात्र सायकल शिकवताना इतके हसायचे, की गल्ली बघायची.

मनाचे खेळ म्हणावं, तर जनाकाकींनी चेन ऐकली ती कशी? योगायोग म्हणावा, तर मला रंग दिसला तो कुठला? 

१९९८ मध्ये सुधीर गेले. साधा ताप, मग कावीळ. त्यानंतर काकींनी ती जागा सोडायला सांगितली नाही आणि मीही सोडली नाही. लोक म्हणतात, गेलेली माणसं येतात. माझा अनुभव उलटा आहे. ते आले ते जिवंत असताना, एका प्लगचा रंग विचारायला, मद्रासहून. गेल्यावर एकदाही नाही.

त्यांना आता काहीच विचारायचं नसेल का? माझ्याकडे तर विचारायचं कितीतरी साठलं आहे.