बसऱ्याचे मिस्त्री

बॅटरीत जीव आहे की नाही, हे बसऱ्याचे मिस्त्री जिभेनं बघायचे. दोन तारांची टोकं सोलून जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "आंबट हाय. चालंल." नाहीतर, "पाणचट लागती. भरायला पायजे." कोल्हापूर दरबारच्या शिकारखान्याच्या मोटारशेडमध्ये आम्ही ड्रायव्हर मंडळी सुरुवातीला हसायचो. मी एकदा कुणी नाही असं बघून तसंच केलं, तर दुपारपर्यंत तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं वाटत राहिलं. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. कोल्हापुरात मोटार गेली की लोक अजून दारात येऊन उभे राहत. मिस्त्री लढाईहून परतलेले. तिकडं बसऱ्याला ते लष्कराच्या मोटारींवर होते. बसरा म्हणजे नेमकं कुठं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नाव मात्र चिकटलं. मूळचे निपाणीकडचे मुसलमान. बोलण्यात कानडी हेल. वय पस्तिशीच्या आतबाहेर असेल, पण चालताना म्हातारे वाटत.

मी ज्या मोटारीवर होतो ती उंच चाकांची, उघडी, दांडगी गाडी. तिचं काम गगनबावड्याच्या बाजूला रानात. सडक संपली की पुढं जांभ्या दगडाच्या वाटा, ओढे, चिखल. पुढचे दोन दिवे गॅसचे होते. डब्यात कार्बाईडचे खडे, त्यावर थेंबथेंब पाणी, आणि काडी लावून पेटवायचं. वास असा सुटे की शेजारी बसलेला माणूस नाकाला धोतर लावी. वारं आलं की दिवा गेला, खड्ड्यात चाक गेलं की पाणी सांडलं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी ते दिवे पाहिले आणि म्हणाले, "ह्यास्नी दिवं म्हणत्यात व्हय? ह्या तर उदबत्त्या हायत."

शिकारखान्याच्या साहेबांची परवानगी काढून त्यांनी त्या उन्हाळ्यात गाडीवर वीज आणली. डायनामो मुंबईहून आला. तो इंजिनाच्या शेजारी बसवायचा कसा, हे काही मुंबईवाल्यांनी कळवलं नव्हतं. मग लोहाराकडून लोखंडी बैठक करून घेतली आणि डायनामो फिरवायचा चामडी पट्टा पायताणं शिवणाऱ्या चांभाराकडून. दोन पट्टे तुटले, तिसरा टिकला. बॅटरीची पेटी आधी दाराखालच्या पायफळीवर ठेवली होती. पहिल्याच ओढ्यात तिच्यात पाणी गेलं. मिस्त्री दोन दिवस ती पुसत, खरवडत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या बैठकीखाली लाकडाचा उंच कप्पा केला आणि पेटी तिथं हलवली. तारा उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून पोकळ वेळूच्या नळ्यांतून ओवल्या, सांधे मेणानं बंद केले.

मला तारांतलं काही कळत नव्हतं. एकदा दिवा लागेना म्हणून मी म्हणालो, "मिस्त्री, बॅटरीपास्नं तार तर धड हाय की."

"जाणारी धड हाय. परतीची तुटलीया." त्यांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली गंजकी तार दाखवली. "वीज नुसती जाऊन भागत न्हाय, ड्रायवर. गेली तशी परत आली पायजे. वाटंत कुठं तुटलं, की फुडं अंधार."

विहिरीचं पाणी बॅटरीला ते विष मानत. पावसानं जोर धरला की शेडच्या मागं चार काठ्यांना धुवट धोतर बांधून खाली काचेची बरणी ठेवायचे. महिनोन्महिने ते पाणी पुरे. त्या बरणीतलं पाणी एकानं तोंड धुवायला घेतलं, तेव्हा एवढा शांत माणूस लालबुंद झालेला मी पाहिला.

ते राहायचे शेडमध्येच, गाडीच्या कडेला. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसत. माझ्या बायकोला ते कळल्यावर ती अधूनमधून डबा द्यायची. डबा परत यायचा तो घासूनपुसून, आणि त्यात गुळाचा खडा. रिकामा डबा त्यांनी कधी परत दिला नाही. ईदेला गावातली मंडळी आग्रहानं बोलवायला येत. मिस्त्री नमाजाला जात, सगळ्यांची गळाभेट घेत आणि सरळ शेडमध्ये येऊन नवा सदरा उतरवून बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा खरवडत बसत. "साचू दिला की वाढत जातो," एवढंच म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. घाटाच्या अलीकडं सडकेवर एक गाव लागतं. त्याचं नाव मी आजही लिहीत नाही. ते गाव जवळ आलं की मिस्त्री माझ्या शेजारून उठून मागं जात, ताडपत्री अंगावर ओढून आडवे होत. "झोप आलीया," म्हणायचे. गाव मागं पडलं की पुन्हा येऊन बसायचे. झोपलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात. एका दुपारी रानातल्या मुक्कामावर ते बॅटरीत पाणी घालत होते. मी विचारलंच, "मिस्त्री, त्या गावात कुणाचं भ्या हाय तुम्हाला?"

त्यांनी बरणीला बूच लावलं. मग सांगितलं ते असं.

बसऱ्याकडं नदीत एक बोट बुडाली. ते त्या बोटीवर होते. वाचले, पण तापानं कुठल्या कुठल्या इस्पितळात पडून राहिले. त्यांच्याच पलटणीतला एक जण आधी सुटून निपाणीकडं आला आणि बोट बुडाल्याचं, हे गेल्याचं सांगून बसला. घरच्यांनी वाट पाहिली. मग बायकोच्या माहेरच्यांनी तिचा दुसरा निकाह लावून दिला. नवरा कापूस पिंजणारा, माणूस चांगला. मिस्त्री परत आले तेव्हा तिला नव्या सासरी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

"थोरल्या भावाला म्हटलं, गेलोय ते गेलोयच समज. तिला कळाया नगं. कळलं तर बिचारीनं जायाचं कुठं? हिकडं का तिकडं?"

"आन् तिचं सासर त्या गावात?"

"व्हय."

"मग ही नोकरी कशाला धरलीसा?"

"रस्ता त्या गावावरनं जातो म्हटल्यावर धरली," मिस्त्री म्हणाले आणि पेटीचं झाकण बसवायला लागले.

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. त्या गावाजवळ आलं की मीच गाडी जरा हळू करायचो.

पावसाळा सरत आला होता. रानातून परत येताना ओढ्याला पाणी चढलं होतं. गाडी निघाली, पण डायनामोचा पट्टा भिजून सैल झाला आणि सरकायला लागला. आता जी काय वीज होती ती बॅटरीतली. तिच्यात भर पडायची नव्हती. त्यात संध्याकाळी असं दाट धुकं उतरलं की गाडीचं नाक दिसेना. आणि नेमकं त्याच गावाजवळ माणसांनी सडकेवर आडवं येऊन गाडी थांबवली. एक जण पुढं आला. त्याच्या दाढीत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. हात जोडून म्हणाला, "दादा, माझी बायकू अडलीया. सकाळधरनं हाय. सुईण म्हणती, कोल्हापूरला न्या, न्हायतर खरं न्हाय."

मी मागं पाहिलं. ताडपत्री हलली. मिस्त्री दुसऱ्या बाजूनं खाली उतरले होते. मुंडासं त्यांनी तोंडावरून गुंडाळून घेतलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घे त्यास्नी. दिव्याचं मी बघतो."

तिला उचलून मागं निजवलं. सोबत सासू आणि नवरा. मिस्त्रींनी एक दिवा काढून ठेवला. दोन्ही लावले तर बॅटरी कोल्हापूरपर्यंत पुरली नसती. दुसरा दिवा बैठकीवरून सोडवून त्याची तार लांबवली. उंचावरचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो, खाली धरला तर सडकेची कड दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर ते पालथे झाले, एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं दिवा जमिनीलगत धरला.

मी म्हणालो, "मला कसं कळायचं? तुम्ही वरडून सांगा, डावीकडं का उजवीकडं."

त्यांनी मान हलवली. "वरडायचं न्हाय. पत्र्यावर ठोकतो. एकदा ठोकलं तर डावीकडं, दोनदा ठोकलं तर उजवीकडं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या कानावर त्यांना आवाज पडू द्यायचा नव्हता.

तसे आम्ही कोल्हापूरला आलो. मागून तिचं कण्हणं यायचं आणि पुढून पत्र्यावरचे ठोके. मी आयुष्यात पुष्कळ गाडी हाकली. त्या वाटेसारखी कधी नाही. रंकाळ्याच्या अलीकडं दिवा तांबडा पडला, पण तोवर धुकं विरळ झालं होतं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबल्याबरोबर मिस्त्री उतरले आणि पायी शेडकडं निघून गेले. त्यांचा दिवा धरलेला हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता.

मुलगी झाली. दोघी जगल्या. चार दिवसांनी माझ्या बायकोनं बाळंतिणीसाठी खीर दिली, ती घेऊन मी दवाखान्यात गेलो. नवरा औषध आणायला बाहेर गेला होता. ती खाटेवर बसली होती, पोर कुशीत.

"दादा," ती म्हणाली, "फुडं दिवा धरून हुतं, ते कोण?"

"आमचे मिस्त्री."

"बोलत न्हाईत?"

"मुके हायत ते," मी सांगून टाकलं.

तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. "मुकं न्हवतं कधी. लई बोलायचं."

ती खाली मान घालूनच पुढं म्हणाली, "माणसाची पाठ वळखू येती, दादा. त्यास्नी सांगा, मी काय बघितलं न्हाय."

शेडमध्ये मिस्त्री नवा पट्टा बसवत होते. निरोप सांगू की नको, असं मला झालं. पण तिनं 'सांगा' म्हटलं होतं. सांगितलं. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, मळसूत्र आवळलं, हात पुसले.

"आसं म्हणाली?"

"व्हय."

"शहाणी हाय." अवजारं गोळा करत म्हणाले, "मग आता मला हितं ऱ्हायला यायचं न्हाय, ड्रायवर. तिला दर खेपंला काय बघितलं न्हाय म्हणायला लावायचं, हे बरं न्हवं."

त्याच आठवड्यात ते मुंबईला, बंदरावर काम बघायला निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. गाडी सुटेपर्यंत ते मला बॅटरीचंच सांगत होते: पाणी कधी घालायचं, सांधे कधी उघडायचे, ओढ्यात उतरण्याआधी इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोवर चामडं कसं बांधायचं. मी विचारलं, "मुंबईला कोण हाय तुमचं?"

"कोण न्हाय," ते म्हणाले. "तिथं कुणाच्या दारावरनं रस्ता जात न्हाय."

पुढं त्यांची खबर आली नाही. मी बंदरावर जाणाऱ्या एक-दोघांकडं चौकशी केली, पण खरं नाव सांगितल्यावर कुणाला कळेना, आणि बसऱ्याचे मिस्त्री म्हटल्यावर तर नाहीच नाही. गाडीचे दिवे मीच राखले. जमेल तसे राखले.

त्या गावात मात्र दर खेपेला माझी गाडी थांबायची. तो पिंजारी हातातलं काम टाकून सडकेवर यायचा, ताकाचा तांब्या घेऊन. बरोबर ती पोर. आधी कडेवर, मग बोट धरून, मग त्याच्या पुढं पळत. पोरीची आई दारात उभी असायची, पुढं यायची नाही. मी ताक प्यालो की तो तांब्या घ्यायचा आणि न चुकता म्हणायचा, "तुमच्या मुक्या मिस्त्रीला माझा सलाम सांगा, दादा. त्या माणसानं माझं घर राखलं."

मी दाराकडं न बघता गाडी सुरू करायचो.

"सांगतो," म्हणायचो.