वाळवंटातल्या दगडाला पाणी

दगड बादलीत घातला आणि बुडबुडे यायला लागले. त्याचं काही नाही, कोरडा दगड पाणी पितोच. पण पाणी पिवळं गढूळ झालं तेव्हा मी घाईने हात घातला. दगडाची एक कड भिजलेल्या भाकरीसारखी बोटांत आली.

"हेर क्राउस! पळत या! दगड विरघळतोय!"

हेर क्राउस म्हणजे आमच्या वर्कशॉपचे साहेब. जर्मनीतल्या बॉनच्या युनिव्हर्सिटीत दगड कापायचं वर्कशॉप होतं. तिथे मी फरशी पुसायला लागले होते. कापणाऱ्या माणसाची पाठ धरली, तेव्हा त्याच्या मशीनवर उभी राहिले आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिले. शिक्षण चौथी. काम असं, की दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि केसापेक्षा पातळ होईपर्यंत घासायची. मग तिच्यातून उजेड जातो. तिला थिन सेक्शन म्हणतात. शास्त्रज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

हा दगड डॉक्टर उटेचा, ती त्या शास्त्रज्ञांतलीच एक. सहारा वाळवंटात तिबेस्ती नावाचे डोंगर आहेत, फार जुन्या ज्वालामुखींचे. त्यांची राख थरांनी बसून दगड झालेली. बाकी थरांचे चार-चार तुकडे तिने आणले होते, सगळ्यात खालच्या थराचा हा एकच. आता तिकडे बाहेरच्यांना जाता येत नव्हतं. तिचं तीन वर्षांचं काम या तुकड्यावर अडलं होतं.

तो मी पाण्यात का घातला? आमचे अण्णा पाथरवट. जाती, पाटे, वरवंटे करायचे. छिन्नी लावण्याआधी ते दगडावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि बिडी पेटवून बसायचे. दगड वाळायचा, पण आत चीर असली तर तेवढी रेघ ओली राहायची. ती शोधायचं काम माझं. बिडी संपायच्या आत मी बोट ठेवायची.

"बघ, इथं छिन्नी बसली असती तर जातं गिऱ्हाईकाच्या दारात फुटलं असतं," अण्णा म्हणायचे. कौतुक म्हणायचं ते एवढंच. तेवढ्यावर मी दिवसभर मिरवायची.

बॉनमध्येही मी प्रत्येक दगड आधी भिजवायची. साहेब पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. आमचा गावाकडचा काळा दगड चार महिने पावसात उभा असतो, त्याला पाण्याचं काय. पाण्याची ओळखच नसलेला दगड माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता.

साहेबांनी तो टॉवेलवर घेतला. तिसरा हिस्सा गेला होता.

"ओव्हनमध्ये वाळवू," ते हळूच म्हणाले. "प्रवासात कड तुटली म्हणून सांगू."

"बादलीतला चिखल काय प्रवासातून आला? मी फोन करते."

उटे सायकलवरून आली, हेल्मेट डोक्यावरच. बादलीत बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"फ्राऊ धोत्रे, विमानात मी हा मांडीवर धरून बसले होते."

"शिव्या नंतर द्या, खाईन. आधी सांगा, उरलेला कसा वाचवायचा? साहेब ओव्हन म्हणतात."

ती ताडकन उठली. "ओव्हन? नाईन! अजिबात नाही! यात चिकणमाती आहे. भिजून फुगली आहे, भराभर वाळली तर सगळा तडकेल."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तिने सांगितलं तसं केलं. दगड झाकणाच्या डब्यात आठवडाभर सावकाश वाळवला. त्यात पातळ रेझिन, म्हणजे घट्ट होणारा डिंकच, मुरवला. मशीनला पाण्याऐवजी तेल लावून कापला. शेवटचं घासणं मी हाताने केलं, श्वास रोखून. चार चकत्या व्हायच्या होत्या, दोन झाल्या.

उटे सूक्ष्मदर्शकावर वाकली ती बराच वेळ उठेना.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "राखेतले काचेचे कण शाबूत आहेत. मला हेच हवे होते."

मग तिने मला शिव्या दिल्या. पुऱ्या दिल्या, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंही, की नमुन्याचा तिसरा हिस्सा वर्कशॉपमध्ये पाण्याने गेला. खरंच होतं ते.

आता मी घरी असते. त्या मशीनचा आवाज आठवतो, तेलाचा वास आठवतो. कुणी विचारलं काय शिकलीस, तर एवढंच सांगते. चूक झाली की ज्याचं नुकसान झालं त्याला आधी बोलवावं. ओरडतो तोच, पण उपायही बहुतेक त्यालाच माहीत असतो.